दहाची नोट मोडता आली की हातचा कळतो

पत्र: माझी मुलगी दुसरीत आहे, सेमी-इंग्रजी शाळेत. बेरीज कशीबशी जमते, वजाबाकीत मात्र रोज रडारड. परवा ४२ वजा १७ चं उत्तर तिनं ३५ लिहिलं. वहीत लाल शेरा आला, ‘घरी सराव घ्यावा’. मी रोज वीस गणितं घालते, पण चुका त्याच. त्यात घरातली प्रत्येक व्यक्ती वेगळं शिकवते. सासूबाई पेरांवर मोजायला लावतात. सासरे म्हणतात, हातचा खालच्या आकड्यात मिळवायचा. शाळेत वरचा आकडा खोडून एकानं कमी करायला शिकवलंय. आणि बाईंनी बोटं वापरायची नाहीत असं बजावलंय. काल लेक म्हणाली, ‘आई, हातचा हातात कुठंय?’ मला हसू आलं, पण उत्तर देता आलं नाही. अबॅकसचा क्लास लावू का? (एक आई, सांगली)

ताई,

लेकीनं ३५ कुठून आणलं ते आधी बघू. एककाच्या घरात वर २, खाली ७. तिनं ७ मधून २ काढले, राहिले ५. दशकाच्या घरात ४ मधून १ गेला, राहिले ३. झाले ३५. तिची आकडेमोड चोख आहे. फक्त २ मधून ७ काढायचे होते, तिथं तिनं उलटं केलं. आणि ते उलटं तिला आपणच शिकवलंय. पहिलीपासून आपण मुलांच्या कानीकपाळी ओरडतो, ‘मोठ्यातून लहान वजा करायचा’. तिला ७ मोठा दिसला, २ लहान दिसला. तिनं सांगितलं तसं केलं.

मी तीसेक वर्षं दुसरी-तिसरीचे वर्ग सांभाळले. ही चूक मला दरवर्षी निम्म्या वर्गाच्या वहीत दिसायची. सुरुवातीची काही वर्षं मीसुद्धा लाल फुली मारून पुढं जायचे, त्याची आता लाज वाटते. फुलीतून मुलाला एवढंच कळतं की आपलं चुकलं. काय चुकलं हे कळत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तसंच करतं.

तुमची लेक मागं पडली आहे, ही भीतीही काढून टाका. ‘असर’ नावाचं सर्वेक्षण देशभरातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन मुलांना दोन अंकी हातच्याची वजाबाकी घालतं. २०२४ च्या अहवालात तिसरीच्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांशच मुलांना ती जमली होती. तुमची लेक तर दुसरीत आहे.

आता करायचं काय? पहिलं म्हणजे ती रोजची वीस गणितं बंद करा. अगदी बंद. महिनाभर उभी मांडणी वहीत काढायचीच नाही. शाळेत जेवढी होईल तेवढी होऊ दे. चूक मांडणीतूनच येते आहे. आकडे एकाखाली एक लिहिले की मुलाला बेचाळीस दिसेनासे होतात. एक ४ दिसतो आणि एक २ दिसतो, शेजारी शेजारी राहणारे दोन परके. मग वरच्या दोघांची खालच्या दोघांशी जशी जमेल तशी जोडी लावायची. तीच लेक दुकानात बेचाळीस रुपये घेऊन गेली, सतरा रुपयांची वस्तू घेतली आणि पस्तीस परत आले, तर ती चमकेल. सतरा खर्च होऊन पस्तीस उरतातच कसे, हे तिला कळतं. वहीत कळत नाही, कारण वहीत तिला रुपये दिसत नाहीत.

म्हणून दहाच्या आठदहा नोटा आणि रुपयाची पंधरा-वीस नाणी एका डब्यात काढून ठेवा. खेळण्यातल्या नोटा नकोत, खऱ्याच घ्या. खऱ्या पैशाला मुलं जपतात. दुकान मांडा. ती गिऱ्हाईक, तुम्ही दुकानदार, आणि शेजारी आजोबांना गल्ल्यावर बसवा. (आजोबांना हे काम द्याच. का ते पुढं सांगते.) तिच्याकडे चार नोटा आणि दोन नाणी, म्हणजे बेचाळीस. तुम्ही सतरा रुपये मागा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड असतं. ती एक नोट देईल. अजून सात हवेत. हातात नाणी दोनच. ती नाण्यांकडे बघेल, नोटांकडे बघेल, तुमच्याकडे बघेल. तुम्ही मटारच्या शेंगा सोलत राहा.

मग दोनपैकी एक गोष्ट होईल. ती आजोबांकडे जाऊन म्हणेल, ‘याचे सुट्टे द्या.’ आजोबा नोट घेतील आणि दहा नाणी तिच्या तळहातावर मोजून ठेवतील. आता तिच्याकडे दोन नोटा आणि बारा नाणी. त्यातली सात तुम्हाला, उरली पाच. दोन नोटा, पाच नाणी, पंचवीस. त्या क्षणी तिला सांगा, ‘हातचा हातात कुठंय विचारत होतीस ना? बघ, हाताकडे बघ.’ पुस्तकात याला दशक सुटा करणं म्हणतात. बाजारात आपण नोट मोडणं म्हणतो. गोष्ट एकच, आणि मोडून झाल्यावरही पैसे तेवढेच राहतात. हे शेवटचं वाक्य तिच्याकडूनच येऊ द्या. नोट मोडल्यावर लगेच विचारा, ‘आता तुझ्याकडे एकूण किती?’ काही मुलं ठामपणे म्हणतात, जास्त झाले. नाण्यांचा ढीग मोठा दिसतो ना! मग मोजू द्या. दोनतीन दिवस हाच प्रश्न विचारावा लागला तरी विचारा, कारण सगळी हातच्याची वजाबाकी या एका उत्तरावर उभी आहे.

किंवा दुसरी गोष्ट होईल. ती तुम्हाला दोन नोटा देईल आणि हात पुढं करेल, ‘तीन रुपये परत दे.’ हेही बरोबर! आपण मोठी माणसं बाजारात हेच करतो. तिनं असं केलं तर ‘शाळेत असं शिकवलंय का?’ म्हणून तिला अडवू नका. वीस देऊन तीन परत घेणं म्हणजे सतराच देणं, हे ज्या मुलाला सुचतं त्याची मला काळजी वाटत नाही.

एक अवांतर. हे सगळं पूर्वी मुद्दाम शिकवावं लागत नव्हतं. पोरं कोथिंबीर आणायला जायची, भाजीवाली परतीचे पैसे हातावर ठेवताना मोठ्यानं बोलायची, ‘सतरा, हे तीन वीस, हे दहा तीस, हे दहा चाळीस.’ ती मोडकळीला आलेली छत्री डोक्यावर धरून बसलेली बाई मुलांना वजाबाकी शिकवत होती, तेही बेरजेनं. सतरापासून पुढं चढत जायचं, जेवढं चढलो तेवढा फरक. आता आपण मोबाईल पुढं करतो, टिंग वाजतं, आणि मुलाच्या डोळ्यांसमोरून सुट्टे पैसेच गेले. मोबाईलनं सोय झाली हे खरं, पण आठवड्यातून एकदा तरी रोख पैसे घेऊन तिला सोबत न्या.

आता आजोबांकडे येऊ. ते म्हणत असतील, ‘दोनातून सात जात नाहीत. हातचा एक घेतला, बारातून सात गेले पाच. हातचा एक नि खालचा एक दोन. चारातून दोन गेले दोन. पंचवीस.’ ही जुनी रीत आहे आणि पूर्ण बरोबर आहे. त्यात वरच्या संख्येत दहा मिळवतात एककात, आणि खालच्या संख्येतही दहाच मिळवतात, पण दशकात. दोन्ही दहानं वाढल्या की फरक बदलत नाही. आजोबांना हे नातीला समजावून द्यायचं असेल तर वयावरून द्यावं. आज आजोबा तुझ्यापेक्षा जेवढे मोठे आहेत, दहा वर्षांनीही तेवढेच मोठे असणार. दोघांचीही वयं वाढतील, अंतर तेच राहील. फार सुंदर कल्पना आहे, पण ती तिसरी-चौथीसाठी राखून ठेवा. शाळेची रीत नोट मोडण्याची आहे आणि ती डोळ्यांना दिसते. आजोबांची रीत डोक्यात धरावी लागते. सात वर्षांच्या मुलीला दोन्ही एकदम दिल्या की ती वरचा आकडाही कमी करते आणि खालचाही वाढवते. अशी उत्तरं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना गल्ल्यावर बसवा म्हटलं ते एवढ्यासाठीच. त्यांचा मान राहतो, आणि त्यांच्याच हातून नोट मोडली जाते.

सासूबाईंच्या पेरांचंही तसंच. अंगठा फिरवत चार बोटांची बारा पेरं मोजणं ही आपल्याकडची जुनी युक्ती. जपाला, दुधाचा हिशेब ठेवायला तिच्यासारखी सोय नाही. पण बेरीज-वजाबाकीच्या सुरुवातीला पूर्ण बोटं बरी. एक हात उघडला की पाच, न मोजता दिसतात. आठ म्हणजे एक पूर्ण हात आणि तीन बोटं. दहाला दोन कमी आहेत हेही मिटलेल्या दोन बोटांवरून दिसतं. पेरांवर आठ दिसत नाहीत, दर वेळी मोजूनच पोचावं लागतं. सासूबाईंना एवढंच सांगा की जपमाळ तुमची, बोटं तिची. (तुमच्या घरातलं हवामान बघून सांगा!)

बोटं वापरायचीच नाहीत या मनाईशी मी सहमत नाही. मनाई केली की मूल बाकाखाली हात नेऊन मोजतं, किंवा जिभेनं दात मोजतं. हो, दात. माझ्या वर्गातला एक मुलगा मोजायचा. बोटं सुटतात, पण आपोआप. त्याआधी मूल ती वापरतंय कशी, ते बघा. ८ आणि ५ ची बेरीज विचारा. ती आधी आठ बोटं एकपासून मोजते, मग पाच, मग सगळी पुन्हा पहिल्यापासून, असं असेल तर ती अजून पहिल्या पायरीवर आहे. ‘आठ मनात’ म्हणून नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा असं पुढं मोजत असेल तर छान. इथं एक खोच असते. काही मुलं पहिल्या बोटावरच ‘आठ’ म्हणतात आणि बारावर थांबतात. तुमच्या लेकीची उत्तरं नेहमी एकानं कमी येत असतील तर हे तपासा. आठ मुठीत बंद करा, छातीशी धरा, आणि पहिलं बोट ‘नऊ’ला उघडा. दोन दिवसांत सुटतं.

पुढची पायरी म्हणजे दहा गाठणं. आठाला दोन दिले की दहा, पाचातले उरले तीन, तेरा. हे ज्याला जमलं त्याची बोटं आपोआप खाली जातात. त्यासाठी दहाच्या सगळ्या जोड्या डोळे मिटून यायला हव्यात, नऊ-एक, आठ-दोन, सात-तीन. घोकून नकोत, खेळून. दहा चिंचोके घ्या, काही वाटीखाली झाका, बाहेरचे दाखवा. ‘सहा बाहेर, आत किती?’ पोळ्या लाटता लाटता होणारा खेळ आहे. किंवा दहा कवड्या टाका, उताण्या किती, पालथ्या किती. कवड्या नसतील तर चिंचोके फरशीवर घासून त्यांची एक बाजू पांढरी करा, आमच्या लहानपणी आम्ही तेच करायचो. ‘शैक्षणिक साहित्य’ या नावाखाली हजार रुपयांचे खोके विकत घेऊ नका. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढं कोसबाडला आदिवासी मुलांना खडे, शिंपले, बिया, पानं घेऊन शिकवलं. तुमच्या स्वयंपाकघरात त्याहून जास्त सामान आहे.

एक गोष्ट तुमच्या पत्रात ओझरती आली आहे, सेमी-इंग्रजी. मला वाटतं अर्धा घोळ तिथं असू शकतो. तिला कागदावर ‘पंचवीस’ लिहायला सांगा, मग ‘सदतीस’, मग ‘त्रेसष्ट’. ती ५२, ७३, ३६ लिहिते का बघा. आपल्या मराठी संख्यानावांत एकक आधी बोलतात आणि दशक नंतर. लिहिताना बरोबर उलट. पाच ऐकला की पाच लिहिणारं मूल काही वावगं करत नाही. शाळेत तिला तेच ट्वेंटी फाइव्ह म्हणून भेटतं, तिथं वीस आधी. एकाच आकड्याला दोन नावं, दोन दिशांनी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’, ‘साठ तीन’ असं वाचन जुन्या नावांसोबत दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. वर्तमानपत्रांत विनोद झाले, मराठी बुडाली म्हणून लेख आले. त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की मुलांना जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची ही नावं जड जातात. मला स्वतःला सदुसष्ट, त्र्याहत्तर हे शब्द प्रिय आहेत, आणि ते जायला नकोत. पण वर्गात उभं राहिल्यावर मी ‘साठ सात’ वर्षानुवर्षं वापरत होते, पुस्तकात यायच्या आधीपासून. तुम्हीही नोटा मोजताना वापरा. ‘चाळीस दोन, म्हणजे बेचाळीस.’ दोन्ही नावं एका दमात.

आणि एक गंमत तिला जरूर दाखवा. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस यांतला ‘एकोण’ म्हणजे एक ऊन, एक कमी. तिसाला एक कमी, चाळिसाला एक कमी. म्हणजे आपल्या भाषेत वजाबाकी बोलण्यातच बसलेली आहे. एकोणनव्वदपर्यंत हे चालतं आणि शेवटी नव्याण्णव नियम मोडून बसतो. मुलांना असला एखादा नियम मोडणारा फार आवडतो.

शाळेच्या बाईंना जाऊन भेटा. तक्रार म्हणून नको, त्यांच्या वर्गात कदाचित चाळीस मुलं असतील आणि प्रत्येकाची वही बघायला त्यांना मिनिटही मिळत नसेल. एवढंच विचारा की महिनाभर हिला बोटं वापरू द्याल का, आणि चुकलेल्या गणिताशेजारी तिला ‘कसं केलंस?’ म्हणून एकदा विचाराल का. बहुतेक बाई ऐकतात.

अबॅकसचं म्हणाल तर आत्ता नको. तिथं वेग मिळतो, मण्यांचं चित्र डोक्यात बसतं, काही मुलांना मजाही येते. पण तुमच्या लेकीला वेगाची गरज नाही. नोट मोडली तरी पैसे तेवढेच राहतात हे तिला अजून पटायचं आहे, आणि घरात आधीच तीन रीती आहेत. चौथी पैसे देऊन कशाला आणता?

तीनेक आठवड्यांनी कागद काढा, पण मांडणी आडवीच ठेवा. बेचाळीस म्हणजे ‘४० आणि २’, तेच मोडून ‘३० आणि १२’, असं तिला तिच्याच अक्षरात लिहू द्या. नोटांचा डबा जवळ असू दे. चुकली तर खोडरबर देण्याआधी डबा पुढं करा. मग एके दिवशी, स्वयंपाक करताना सहज, तोंडी विचारा: बेचाळिसातून एकोणचाळीस गेले तर किती? ती पेन्सिल शोधायला न जाता ‘तीन’ म्हणाली, तर उभी मांडणी परत काढायला हरकत नाही. पेन्सिल शोधायला गेली, तर अजून आठवडाभर दुकान चालू द्या.